टेबलावरच्या माणसाचे कान



शस्त्रक्रियेला नेताना आपण माणसाकडून काय काय काढून घेतो, तिथून सुरुवात करतो. आधी अंगावरचे कपडे जातात आणि मागून नाड्या बांधायचा हिरवा गाऊन येतो. मग चष्मा, दातांची कवळी, घड्याळ, अंगठी. मंगळसूत्र नातेवाइकांच्या हातात जातं. निघत नसलेल्या बांगड्यांवर चिकटपट्टी बसते. नखांचं पॉलिश पुसतात, कारण बोटाला लावायच्या यंत्राला त्याचा अडथळा होतो. नातेवाईक दाराशी थांबतात, ट्रॉली आत जाते. आत थंडी असते, वर मोठा दिवा असतो आणि सगळ्यांच्या तोंडाला मास्क, त्यामुळे कोण बोलतंय तेही कळत नाही. एवढं सगळं गेल्यावर माणसाकडे उरतात ते त्याचे कान. ज्यांना कमी ऐकू येतं त्यांचं तर कानातलं मशीनही आपण दागिन्यांबरोबर डबीत घालून बाहेर पाठवतो.

मी भूलतज्ज्ञ आहे. भूलतज्ज्ञाची जागा रुग्णाच्या डोक्याशी. रुग्णाला काय ऐकू येतं आणि ते ऐकून त्याचं काय होतं, हे तिथून सगळ्यात जवळून दिसतं. म्हणून मी आज संगीताबद्दल बोलणार आहे. रुग्णाची वेदना आणि भीती कमी करायला संगीत खरोखर किती उपयोगी पडतं, कुठे पडत नाही, आणि आपल्याकडे ते अजून रोजच्या कामात का आलेलं नाही, हा माझा विषय.

ऑपरेशन म्हटलं की माणूस गाढ झोपलेला असणार, असं बहुतेकांना वाटतं. प्रत्यक्षात सिझेरियन, हर्निया, हायड्रोसील, प्रोस्टेट, खुब्याचं हाड, पायाचे फ्रॅक्चर ही आपल्याकडची रोजची कामं बहुतेक वेळा कमरेत इंजेक्शन देऊन होतात. त्याला आपण स्पायनल म्हणतो. कमरेखाली बधिर, वर पूर्ण जागा. मोतीबिंदूचा रुग्ण जागा असतो. दात काढणारा, एंजिओग्राफी करून घेणारा, जखमेचं ड्रेसिंग बदलून घेणारा, हे सगळे जागेच असतात.

या जाग्या माणसाला काय ऐकू येतं? स्टीलच्या ट्रेमध्ये हत्यारं पडल्याचा आवाज. सक्शनची घरघर. कॉटरी सुरू झाली की तिचा सूर, आणि पाठोपाठ जळल्याचा वास. हाडाचं ऑपरेशन असेल तर ड्रिल आणि हातोडी. त्यातच माणसांची बोलणी. सर्जन सहज म्हणतात, ‘अरे, हे जरा जास्तच चिकटलंय.’ आमच्या भाषेत या वाक्याला फारसा अर्थ नसतो. पडद्याच्या अलीकडे झोपलेल्या बाईच्या मनात मात्र त्या वाक्याचं काय काय होतं, ते मॉनिटरवर दिसतं. नाडी चढते, रक्तदाब चढतो, हात मुठी आवळतात. कधी ती माझ्याकडे बघून विचारते, ‘डॉक्टर, सगळं ठीक आहे ना?’ आणि कधी काहीच विचारत नाही. न विचारणारीची मला जास्त काळजी वाटते.

भीती ही नुसती मनातली गोष्ट नाही. भ्यायलेल्या शरीरात ॲड्रिनॅलिन वाढतं, स्नायू ताठ होतात, हातापायाच्या शिरा आकसतात. सलाईनसाठी शीर सापडत नाही, म्हणून दोनदा टोचावं लागतं, त्यानं भीती आणखी वाढते. कमरेत सुई घालताना रुग्ण ताठरला तर मणक्यांमधली फट मिळत नाही. घाबरलेल्या माणसाला झोपवायला औषधही जास्त लागतं. आणि ज्या दुखण्याची धास्ती घेतली जाते ते जास्तच दुखतं, हे लस टोचून घेणाऱ्या कुठल्याही मुलाच्या आईला ठाऊक आहे.

रुग्णाच्या कानांचा विचार पहिल्यांदा नेमकेपणानं कुणी केला असेल तर तो फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी. 1859 साली त्यांनी शुश्रूषेवर जे छोटं पुस्तक लिहिलं, त्यात आवाजावर एक आख्खं प्रकरण आहे. रुग्णाच्या खोलीत किंवा दाराबाहेर कुजबुजत बोलणं हा त्यांच्या लेखी क्रूरपणा होता, कारण रुग्ण जिवाचा कान करून ते ऐकायचा प्रयत्न करतो आणि आपल्याबद्दलच बोलत असतील असं धरून चालतो. त्याच प्रकरणात त्या संगीताकडे वळतात. माणसाचा गळा, फुंकून वाजवायची वाद्यं आणि सलग सूर देणारी तंतुवाद्यं आजाऱ्याला मानवतात, तुटक सुरांचा पियानो मानवत नाही, असं त्यांचं निरीक्षण होतं. पियानोबद्दल आज कुणी एवढं ठामपणे बोलणार नाही. पण पुढे त्यांनी म्हटलं आहे की संगीत फार खर्चाचं असल्यामुळे रुग्णालयात ते सर्रास वापरणं शक्यच नाही. ही अडचण 1859 ची होती. आज वॉर्डातल्या मावशींच्या कंबरेच्या पिशवीतही फोन असतो.

ग्रामोफोन आला तसा हा खर्चाचा प्रश्न सुटायला लागला. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या इव्हान ओनील केन या सर्जननी 1914 साली तिथल्या वैद्यक संघटनेच्या नियतकालिकाला पत्र लिहून कळवलं की आपण ऑपरेशन थिएटरात फोनोग्राफ ठेवला आहे आणि भूल देण्याच्या वेळी रुग्णाचं लक्ष भीतीवरून दुसरीकडे न्यायला त्याचा चांगला उपयोग होतो. जागेपणी, स्थानिक भूल देऊन ऑपरेशन करता येतं यावर या माणसाचा एवढा विश्वास होता की 1921 साली त्यांनी स्वतःचं अपेंडिक्स स्वतःच्या हातानं काढलं. त्याचं अनुकरण कुणी करू नये. पण टेबलावरच्या जाग्या माणसाला काय वाटतं हे पुढे त्यांनी स्वतः अनुभवलं, म्हणून त्या पत्राचं मला मोल वाटतं.

यानंतरचा टप्पा 1960 चा, आणि तो सगळ्यात बोधक आहे. बोस्टन भागातले दंतवैद्य वॉलेस गार्डनर यांनी रुग्णाच्या कानाला हेडफोन लावले आणि हातात एक छोटी पेटी दिली. पेटीवरच्या बटणांनी संगीत लहानमोठं करता यायचं, आणि दुखेल असं वाटलं की धबधब्यासारखा एक सलग आवाज वाढवता यायचा. त्यांच्याबरोबर जे. सी. आर. लिकलायडर हे ध्वनीचे अभ्यासक होते. पुढे संगणकांच्या जाळ्याची कल्पना मांडणारे लिकलायडर ते हेच. गार्डनर यांच्या कित्येक रुग्णांचे दात भुलीच्या इंजेक्शनशिवाय कोरले गेले, काढलेही गेले. गाजावाजा झाला, यंत्रं बाजारात आली. पण दुसऱ्या दंतवैद्यांनी तेच यंत्र वापरलं तेव्हा कुणाला गुण आला, कुणाला अजिबात आला नाही.

असं का झालं, याचा शोध वेदनेचे अभ्यासक रोनाल्ड मेलझॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1963 साली घेतला. लोकांना बर्फाच्या पाण्यात हात धरायला सांगितलं आणि कोण किती वेळ सहन करतं ते मोजलं. काहींना नुसता मोठा आवाज ऐकवला. काहींना आवाजाच्या नावाखाली नुसती घरघर ऐकवली, पण ‘यानं दुखणं कमी होतं’ असं ठासून सांगितलं. काहींना दोन्ही दिलं. नुसत्या आवाजानं काही झालं नाही, नुसत्या सांगण्यानंही झालं नाही. दोन्ही मिळाले तेव्हाच सहनशक्ती वाढली. याच मेलझॅक यांनी दोन वर्षांनी पॅट्रिक वॉल यांच्याबरोबर वेदनेच्या ‘दारा’चा सिद्धांत मांडला. जखमेकडून येणारा संदेश मेंदूपर्यंत आहे तसा पोचत नाही. मज्जारज्जूतच तो कमीजास्त होतो, आणि वरून मेंदूही त्यावर ताबा ठेवतो. लक्ष, धास्ती, भरवसा या गोष्टींना त्या ताब्यात जागा आहे. गार्डनर यांच्या खुर्चीत जे घडत होतं ते या चौकटीत नीट बसतं. हेडफोन होते, संगीत होतं, पण त्याबरोबर समजावून सांगणारा डॉक्टर होता आणि बटण रुग्णाच्या हातात होतं. यंत्र विकत घेणाऱ्यांना यंत्र मिळालं, बाकीचं त्यांनी आणलं नाही. म्हणून आजही एखाद्या रुग्णालयानं थिएटराच्या छतात स्पीकर बसवला आणि ‘आम्ही संगीतोपचार करतो’ असं जाहीर केलं, तर मी विचारीन की गाणं कुणी निवडलं आणि आवाज कुणाच्या हातात आहे.

आता पुरावा. 2006 साली कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेच्या समीक्षेत 51 अभ्यास एकत्र तपासले गेले. शून्य ते दहाच्या मापावर संगीतानं वेदना सरासरी अर्ध्या गुणानं कमी झाली. अर्धा गुण म्हणजे थोडंच, आणि समीक्षकांनी ते स्पष्ट लिहिलं. शस्त्रक्रियेआधीच्या भीतीवर परिणाम जास्त दिसतो. कॉक्रेनच्याच 2013 च्या समीक्षेत 26 चाचण्या आणि 2051 रुग्ण होते, आणि संगीत ऐकलेल्यांची चिंता नेहमीची काळजी घेतलेल्यांपेक्षा स्पष्टपणे कमी होती. 2015 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात 73 चाचण्यांचा, सुमारे सात हजार रुग्णांचा आढावा आला. वेदना कमी, चिंता कमी, वेदनाशामकं कमी, समाधान जास्त. रुग्णालयातला मुक्काम मात्र कमी झाला नाही. पूर्ण भूल दिलेल्या रुग्णांमध्येही फायदा दिसला, जागेपणी ऐकणाऱ्यांमध्ये थोडा अधिक.

या आकड्यांवर एक रास्त आक्षेप आहे. गोळी खरी की खोटी हे रुग्णापासून लपवता येतं, कानातलं गाणं कसं लपवणार? रुग्णाला कळतं की आपल्याला काहीतरी दिलं जातंय, आणि तेवढ्यानंही बरं वाटतं. या आक्षेपाला दोन अभ्यासांनी चांगलं उत्तर दिलं.

पहिला हनोईचा, 2010 मध्ये प्रसिद्ध झालेला. रक्ताच्या कर्करोगाच्या 7 ते 12 वर्षांच्या 40 मुलांच्या पाठीतून सुईनं पाणी काढायचं होतं. त्या मुलांना हे पुन:पुन्हा सोसावं लागतं आणि पुढच्या खेपेची भीती त्यांच्या मनात आधीच बसलेली असते. सगळ्याच मुलांना इअरफोन लावले. निम्म्यांच्या इअरफोनमधून त्यांनी निवडलेली गाणी येत होती, निम्म्यांचे मुके होते. सुई टोचणाऱ्या डॉक्टरांना कोणाचे कोणते ते माहीत नव्हतं. गाणी ऐकणाऱ्या मुलांनी वेदना कमी सांगितली, आणि त्यांची नाडी आणि श्वासही संथ राहिले. सगळ्यांच्याच कानाला काहीतरी होतं, फरक पडला तो गाण्यानं.

दुसरा अभ्यास जर्मनीतल्या पाच रुग्णालयांतला, 2020 चा. 385 रुग्णांना पूर्ण भूल देऊन झाल्यावर हेडफोन लावले. निम्म्यांना मंद संगीत आणि त्यावर धीर देणारी वाक्यं, निम्म्यांना कोरी ध्वनिफीत. रुग्ण बेशुद्ध, डॉक्टरांनाही माहिती नाही. पुढच्या चोवीस तासांत पहिल्या गटाला अफूवर्गातली वेदनाशामकं सुमारे एक तृतीयांशानं कमी लागली. यात संगीताचा वाटा किती आणि शब्दांचा किती, हे वेगळं काढता येत नाही. पण झोपलेल्या माणसाशीही जपून बोलावं, एवढं यातून मला पुरेसं कळतं. भूल चढताना कान सगळ्यात शेवटी मिटतात आणि उतरताना सगळ्यात आधी उघडतात, हे आमच्याकडे जुने डॉक्टर शिकवायचे.

आपल्या देशात दिल्लीच्या मौलाना आझाद मेडिकल कॉलेज आणि लोकनायक रुग्णालयातल्या भूलतज्ज्ञांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याच्या शस्त्रक्रियेत 56 रुग्णांवर अशीच चाचणी केली. बासरी की पियानो, हे रुग्णानं निवडायचं. संगीत ऐकवलेल्यांना प्रोपोफॉल आणि फेंटानिल, म्हणजे झोपेचं आणि वेदनेचं औषध, कमी लागलं. संख्या लहान आहे, पण सरकारी रुग्णालयाच्या गर्दीत हे करता आलं याचा मला आनंद आहे.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातला 2019 चा एक अभ्यास मात्र मला फार शिकवून गेला. हातापायाची नस बधिर करण्याआधी 157 रुग्णांपैकी काहींना मिडॅझोलाम हे शांत करणारं इंजेक्शन दिलं, काहींना तीन मिनिटं एक ठरावीक संथ संगीत ऐकवलं. भीती दोन्हीकडे जवळपास सारखीच उतरली. मिडॅझोलामनं वृद्धांचा श्वास मंदावू शकतो, नंतर गोंधळ उडू शकतो. तीन मिनिटांच्या संगीतानं यातलं काहीच होत नाही. तरीही समाधान इंजेक्शनच्या गटात जास्त होतं, आणि हेडफोनमुळे डॉक्टरांना रुग्णाशी बोलणं अवघड गेलं. संगीत रुग्णांनी निवडलेलं नव्हतं. त्रुटी कुठे राहिली ते उघड आहे.

निवडीचा प्रश्न आपल्याकडे आणखी एका कारणानं बिघडतो. अमुक आजाराला अमुक राग असे तक्ते छापून लावलेले आपण पाहतो. रक्तदाबाला हा, मधुमेहाला तो. हिंदुस्थानी संगीतावर माझं निस्सीम प्रेम आहे, म्हणूनच म्हणतो की हे थांबवा. माझ्या माहितीत कुठल्याही भरवशाच्या चाचणीत या तक्त्यांना आधार मिळालेला नाही. ज्यानं आयुष्यात ख्याल ऐकला नाही त्याला ऑपरेशनच्या टेबलावर विलंबित ऐकवणं म्हणजे अनोळखी खोलीत आणखी एक अनोळखी माणूस आणून उभा करणं. संशोधकांनी साधारण मार्गदर्शन दिलं आहे ते एवढंच की लय संथ असावी, मिनिटाला साठ ते ऐंशी ठोक्यांच्या आसपास, आवाज बेताचा असावा, अचानक चढउतार नसावेत. त्या मर्यादेत भजन चालेल, भावगीत चालेल, कव्वाली चालेल, चर्चमधलं गाणं चालेल, लताबाईंचं जुनं गाणं चालेल. आणि विचारायला हवंच, कारण तेच जुनं गाणं एखाद्या बाईला गेलेल्या नवऱ्याची आठवण देऊन रडवूही शकतं.

विचारायचं कसं, हेही शिकावं लागतं. ‘काय ऐकाल?’ म्हटलं की आपल्या बायका सांगतात, ‘लावा काहीपण.’ हे उत्तर नव्हे, संकोच आहे. ‘घरी काम करताना काय म्हणता?’ असं विचारलं की उत्तर येतं. खुब्याचं हाड मोडलेल्या एका आजींना मी असं विचारलं होतं. त्या म्हणाल्या, ‘मला यंत्राचं नको बाबा, मीच म्हणते.’ कमरेत इंजेक्शन देऊन त्यांना झोपवलं तेव्हा नाडी एकशेवीसच्या घरात होती. त्या डोळे मिटून, ओठातल्या ओठात एक अभंग म्हणू लागल्या. सिस्टरनं त्यांचा हात धरला होता, तिच्या बोटांवर त्या ताल देत होत्या. हातोडीचा आवाज सुरू झाला तेव्हा त्या थोड्या थांबल्या, आणि आवाज वाढवून पुढचं कडवं म्हणू लागल्या. नाडी शंभराच्या खाली आली आणि तिथेच राहिली. या आजी एकट्या नव्हेत. पुण्यातल्या हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी महाराष्ट्रातल्या बायकांच्या एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या जमवल्या. एवढी गाणी रोजच्या कष्टातून निघालेली आहेत. अशा बायकांना संगीताचा उपयोग आपण नव्यानं शिकवायला नको. त्यांना थिएटरात गाऊ दिलं तरी पुष्कळ झालं.

आता दुसरी बाजू, आणि ती मला पहिलीइतकीच महत्त्वाची वाटते. संगीत वेदनाशामकाच्या जागी वापरायचं नाही. आपल्याकडे सोसायला लावण्याची जुनी खोड आहे. कळा देणाऱ्या बाईला ‘सगळ्याच सोसतात’ म्हणून गप्प केलं जातं. भाजलेल्या बाईचं ड्रेसिंग पुरेसं औषध न देता ओढून काढलं जातं आणि तिच्या किंकाळ्या वॉर्डभर ऐकू येतात. तिथे औषधाऐवजी फोनवर गाणं लावलं तर तो उपचार नव्हे, अन्याय झाकणं आहे. अमेरिकेत क्लीव्हलँडच्या जळीत विभागात ड्रेसिंगच्या वेळी संगीतोपचारतज्ज्ञ रुग्णाशेजारी बसून त्याच्याबरोबर गातात, त्याला गाण्यात ओढून घेतात, आणि दुखणं कमी झाल्याचं रुग्ण सांगतात, असा 2001 चा अभ्यास आहे. हे सगळं वेदनाशामकं चालू ठेवून होतं. आधी औषध पुरेसं द्या, मग गाणं.

दुसरी मर्यादा थिएटरातल्या कामाची. आमच्या मॉनिटरचा टिकटिक आवाज रुग्णाच्या रक्तातला प्राणवायू कमी झाला की खालच्या सुरात उतरतो. पाठ वळलेली असली तरी तो उतरलेला सूर भूलतज्ज्ञाच्या कानाला लागतो आणि हातातलं काम टाकून तो वळतो. इंग्लंडमध्ये वीस शस्त्रक्रियांचं चित्रीकरण तपासलं, त्याचा निष्कर्ष 2015 मध्ये आला. संगीत चालू असताना ‘काय म्हणालात?’ असं पुन्हा विचारावं लागण्याचं प्रमाण पाचपट होतं. म्हणून संगीत खोलीत नको, रुग्णाच्या कानात हवं. सर्जनच्या आवडीच्या गाण्यांचा स्पीकर हा रुग्णाचा उपचार नाही. आणि रुग्णाचाही एक कान मोकळा असलेला बरा, म्हणजे ‘आता जरा ओढल्यासारखं वाटेल हं’ असं सांगता येतं. सिझेरियनमध्ये बाळ बाहेर येण्याआधी गाणं बंद करायचं, हे वेगळं सांगायला नको.

मेंदूचं ऑपरेशन चालू असताना रुग्ण व्हायोलिन वाजवते, अशी लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयाची 2020 ची बातमी आपण सगळ्यांनी पाहिली. ती विलक्षणच होती, पण तिथे वाजवण्याचा हेतू हाताच्या हालचालीचं केंद्र जपणं हा होता. मी ज्याबद्दल बोलतो आहे त्याची बातमी होणार नाही. त्याला लागतो एक फोन, पुसून घेता येईल असा हेडफोन, आदल्या दिवशी विचारलेला एक प्रश्न, आणि तो प्रश्न विचारायला दोन मिनिटं देणारा डॉक्टर किंवा सिस्टर. ग्रामीण रुग्णालयात यातली शेवटची गोष्टच सगळ्यात दुर्मिळ आहे, हे मला माहीत आहे. तिथे एकच भूलतज्ज्ञ असतो आणि बाहेर सहा रुग्ण असतात. पण घाबरलेल्या रुग्णाची शीर शोधण्यात जो वेळ जातो तोही आमच्याच वेळेतून जातो.

रुग्णालयं चालवणाऱ्यांना माझं सांगणं आहे की शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासणीच्या कागदावर एक ओळ वाढवा: रुग्णाला काय ऐकायला आवडेल, की शांतता हवी. शांतता हेही उत्तर आहे आणि तेही पाळलं गेलं पाहिजे. कानातलं मशीन काढून घेण्याआधी ते खरंच काढायला हवं आहे का, एवढं भूलतज्ज्ञाला विचारा. रुग्ण जागा असेल तर बहुतेक वेळा नसतं.

आणि श्रोतेहो, तुमच्यापैकी कुणाच्या ना कुणाच्या घरात येत्या वर्षात ऑपरेशन होणार आहे. त्या माणसाची आवडती दहा गाणी त्याला विचारून त्याच्या फोनवर उतरवून ठेवा, आतल्या खोल्यांत बऱ्याचदा रेंज नसते. भूलतज्ज्ञ तपासायला येतील तेव्हा रक्तदाबाच्या गोळ्यांबद्दल विचारता तसंच याबद्दलही विचारा. नाही म्हणाले तर कारण विचारा. कारण योग्य असेल तर मान्य करा, नसेल तर पुन्हा विचारा.